अंधार राखणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आतून काळी, बाहेरून डागाळलेली. उजेड आत येऊ न देणे एवढेच माझे काम, आणि तेवढेही मला धड जमले नाही.

मला घडवणाऱ्या सुतारकाकांनी झाकणाच्या उजव्या कोपऱ्याला काळी पट्टी चिकटवली आणि प्रयोगशाळेतल्या ताईंना बजावले, "इथं बारीक फट राहिलीय. पट्टी सुटली की लगेच बदला."

ताई माझ्यात काचेच्या बश्यांत बिया उगवत. अंधारात कोंब मान वाकवून, पाने मिटून उजेड शोधत वर वर धावतो. फिकट आणि लांबुडका होतो. उजेडाची तिरीप जाणवली, की त्याच्यातली संप्रेरके, म्हणजे आतले निरोपेच, हुकूम फिरवतात: लांबणे पुरे, पाने उघड, हिरवा हो. डावीकडे साध्या बिया आणि उजवीकडे ताईंनी वेगळ्या गुणाच्या म्हणून निवडलेल्या, ही जागा ठरलेली होती.

एके दिवशी उजवीकडचे कोंब अंधारातच पाने उघडून बसलेले दिसले. ताईंना आकाश ठेंगणे झाले. त्यांनी आपल्या मार्गदर्शक सरांना बोलावले. "सर, यांच्यात लांबवणारं संप्रेरकच कमी आहे!" माझीही वाहवा झाली. पुढची तीन वर्षे ताई त्यावरच प्रबंध लिहीत होत्या.

पट्टी मात्र ते हिरवे कोंब दिसण्याआधीच सुटली होती. झाडलोट करणाऱ्या मावशींनी सांगितलेही, "ताई, पेटीची पट्टी लोंबतेय." "बघते हं नंतर," ताई म्हणाल्या. मला सगळे ठाऊक होते, पण पेटीला तोंड असून बोलता कुठे येते?

मग ताईंचा उजवा हात मुरगळला. डाव्या हाताने ठेवताना बश्यांची अदलाबदल झाली. चार दिवसांनी झाकण उघडले, तर साधे कोंब हिरवे आणि निवडलेले फिकट, लांबुडके. ताईंनी माझ्या फटीवरून हळूच बोट फिरवले. मग आईला फोन लावला.

"आई, नवीन काही नव्हतंच गं. नुसती फट होती."

"अगं, मग पुन्हा कर की."

"काय करू पुन्हा? बिया साध्याच आहेत."

त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे टेबल रिकामे झाले.

मित्रांनो, पट्टी सुटलीय असे कोणी सांगितले, तर तेव्हाच उठा. आता माझे झाकण कायम उघडे असते. हवा तेवढा उजेड आत येतो, पण माझ्यात आता कोणी काही पेरत नाही.