जरा वीणा धर

पदू आणि मी आठ महिने एका खत कंपनीच्या जाहिराती भिंतींवर रंगवत कर्जत-खालापूर फिरत होतो. कंपनी रंग द्यायची, ब्रश द्यायची; अंग कुठे टाकायचं ते तिने आमच्या कल्पनाशक्तीवर सोडलं होतं. त्यामुळे फुकटातला मुक्काम निवडण्यात आम्ही तरबेज झालो. कर्जत स्टेशनचं बाकडं चांगलं, पण टीसी उठवून तिकीट विचारतो. दहिवलीच्या शाळेचा व्हरांडा गार, पण सकाळी गुरुजी प्रार्थनेला उभं करतात, तेही बुटक्यांच्या रांगेत. सगळ्यांत बरा म्हणजे सप्ताह. देवळात सात दिवस अखंड भजन, दोन वेळचं जेवण, अंथरायला सतरंजी. बदल्यात थोडा वेळ गळ्यात वीणा घालून उभं राहायचं. अट एकच: सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकता कामा नये. दुसऱ्याने पाया पडून गळ्यात घेतली की पहिला सुटला.

पण पावसाळ्यात भिंत रंग धरत नाही आणि देवळं गळतात. म्हणून मोहोपाड्यातली मालोजीशेठच्या चाळीतली खोली मी हेरून ठेवली होती. स्वस्त, कौलं शाबूत, नळ दारात. पदू महिनाभर "बोलणी चालू हायत" म्हणत होता. शेवटी ठरलं, आज दुपारी दोघांनी जाऊन पक्की करायची. नाहीतर ती दुसऱ्याला जाणार.

आम्ही तेव्हा जवळच्याच गावात सप्ताहाला होतो. पंगत बसली आणि वीणा घेऊन उभा असलेला पदू मला म्हणाला, "धाकल्या, जरा धर रं. च्या पिऊन येतो, मग निघू."

मी पाया पडलो, वीणा घेतली. पदू गेला. चहाची पानं तोडून, वाळवून, उकळून पिणारा माणूसही परतला असता, एवढा वेळ झाला.

"नागूबाबा, वीणा घ्या. मला खोलीवर जायचंय."

नागूबाबा टाळ कुटत म्हणाले, "माजा पहारा संध्याकाळी. नेम म्हंजे नेम."

"मग खाली ठेवू?"

टाळ थांबले. पंगतीत वाढणाऱ्या धोंडूबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गावची विहीर पालथी घालायला निघालो होतो. "ठेवून तर बघ, मुडद्या!"

ठेवायची नाही, एवढंच सगळे म्हणत होते. चालायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. मी निघालो.

वीणा एकटी सोडता येईना, म्हणून नागूबाबा टाळ वाजवत मागे. त्यांच्या मागे पखवाज, धोंडूबाई आणि पंगतीतले अर्धपोटी. रस्त्यात एकाने माझ्या पाया पडून विचारलं, "मिरवणूक कुठं चालली?"

"खोली बघायला."

तोही सामील झाला.

चाळीपाशी पोचलो. खोलीच्या दाराला पाटी होती: श्री. प. चां. ठोंबरे. पिवळ्यावर लाल, अक्षरांना निळी सावली. ती मीच रंगवली होती. पदू म्हणाला होता, "एक गिऱ्हाईक हाय, जरा मन लावून कर." मी मन लावून केली. गिऱ्हाइकाचं भलं व्हावं म्हणून कोपऱ्यात कमळसुद्धा काढलं.

"शेठ, हे ठोंबरे कोण?"

मालोजीशेठ वीणेच्या पाया पडून उठले. "तुजाच जोडीदार ना रं तो? पंधरवडा झाला खोली घेऊन. एकटाच ऱ्हाणार म्हनाला."

आठ महिने एका चटईवर झोपलो. आडनाव विचारायचं राहून गेलं होतं.

टाळांच्या आवाजाने पदू बाहेर आला. अंगात बनियन, हातात कपबशी. चहाच पीत होता. तेवढं तो खरं बोलला होता.

"धाकल्या, मी सांगणारच होतो रं..."

माझे दोन्ही हात वीणेला होते. ते त्याचं नशीब.

"पाया पड की रं!" नागूबाबा गरजले. "देव दारात आलाय."

कपबशी उंबऱ्यावर ठेवून, अख्ख्या गावासमोर तो वाकला. उठला तेव्हा वीणा त्याच्या गळ्यात होती.

"जरा धर," मी म्हणालो. "च्या पिऊन येतो."

गाव त्याला मधोमध घेऊन भजन म्हणत परत फिरलं. तो वळून वळून बघत होता, खोलीकडे.

त्याचा उरलेला चहा मी प्यायलो. गार झाला होता. दार उघडं होतं, आत नवी चटई होती आणि एक उशी. मला कुणीच अडवत नव्हतं. तरी मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि नखाने पाटीवरचा रंग खरवडून पाहिला. निघेना. माझा रंग निघत नाही. खोली एकट्या माणसाची होती, आणि तसं मीच लिहून दिलं होतं, कमळासकट.