पाइपात पुरलेली बंदूक

“कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरलीयस ना? काढ.” नोलीनने फावडं धाकट्या भावाच्या पायाशी आपटलं.

मर्व्हने चहाचा घोट घेतला. “काय काढू?”

“बाबांची बंदूक! ग्रीस फासून, पाण्याच्या पाइपात कोंबून. अर्ध्या गावाने हेच केलंय, तू काय वेगळा?”

ऑस्ट्रेलियातल्या तस्मानिया बेटावर एका माथेफिरूने पस्तीस माणसं मारली, तेव्हापासून सरकार एकामागून एक गोळ्या सुटणाऱ्या बंदुका गोळा करत होतं. गावच्या जत्रेच्या मैदानावर आज बंदुका जमा करायचा शेवटचा दिवस होता.

“फ्रान्सने आपल्या समुद्रात अणुबाँब फोडले,” मर्व्ह उसळला, “त्यांच्याकडे गेलं कोणी मागायला? अमेरिकेकडे तर ढीग पडलाय. आणि माझी ससे मारायची बंदूक तेवढी डोळ्यांत खुपते! आधी मोठ्यांनी शस्त्रं टाकावीत, मग बघू.”

“आम्ही निषेध केला होता.”

“हो तर! तुझ्या बेकरीतल्या फ्रेंच पावाचं नाव बदललंस. केवढं घाबरलं फ्रान्स!”

“नाही घाबरलं. ‘आधी बाकीच्यांनी शस्त्रं टाकावीत’ म्हणाले. अगदी तुझ्यासारखं. असं म्हणत बसलं की कोणीच टाकत नाही, मर्व्ह.”

“अगं, मी काय कुणाला मारणारेय?”

“दुसऱ्याला नाही रे.” नोलीन त्याच्याजवळ सरकली. “तुझी जोन वारली त्या आठवड्यात तू बंदूक मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसला होतास. मी पाव द्यायला आले म्हणून, नाहीतर काय झालं असतं? मला फार भीती वाटते तुझ्यासाठी. बंदूक घेतल्याशिवाय मी हलायची नाही.”

आणि ती खरंच खुर्ची ओढून बसली. नोलीन हट्टाला पेटली की संपलंच! शेवटी मर्व्हने चहा ओतून टाकला आणि फावडं उचललं.

बंदूक बाहेर आली तसा म्हातारा कुत्रा टग शेपटी हलवत पिकअपमध्ये चढला. बंदूक निघाली म्हणजे ससे, एवढंच त्याला ठाऊक.

मैदानावर यंत्राच्या जबड्यात नळी वाकली, लाकडी दस्ता फुटला. मर्व्ह हॅट काढून उभा होता.

“बाबांनी शिव्या घातल्या असत्या,” तो म्हणाला.

“मला घातल्या असत्या. चल.”

परतताना ओढ्याजवळच्या कुरणापाशी टग उड्या मारून केकाटू लागला. सशांच्या शिकारीला ते नेहमी इथेच उतरायचे. मर्व्हने गाडी थांबवली. टग गवतात घुसला, आणि मर्व्ह त्याच्या मागोमाग रिकाम्या हातांनी चालू लागला.