बिनपायाचा स्वर्गपक्षी

आमच्या एंकहाउझन बंदरात जहाज लागलं की फोल्कर्ट औषधवाला धक्क्यावर हजर. मगरीचं कातडं, शंख, नारळाचे पेले, काय काय आणून त्यानं माडी भरली होती. त्याची बायको हिलेगोंट ते सगळं नाक दाबून पुसायची.

त्या वसंतात तिचा धाकटा भाऊ सिव्हर्ट पूर्वेच्या बेटांवरून परतला, तापानं पार खंगलेला. मेहुण्यासाठी त्यानं वाळवलेला स्वर्गपक्षी आणला होता. तिथले शिकारी विकण्याआधी पाय कापून टाकतात, त्यामुळे इकडच्या पंडितांना वाटायचं, हा पक्षी बिनपायाचाच, जन्मभर हवेत तरंगणारा. सिव्हर्टनं मुद्दाम सांगून पायांसकट वाळवून घेतला होता.

फोल्कर्टचं तोंड उतरलं. लायडनच्या प्राध्यापकांना त्यानं बिनपायाचा पक्षी कबूल केला होता.

ते यायच्या सकाळी हिलेगोंट स्वयंपाकघरात गेली, तर मासे कापायच्या फळीवर फोल्कर्ट तिच्याच कात्रीनं पक्ष्याचे पाय छाटत होता.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"पुस्तकात आहे तसा करतोय. तू जेवणाचं बघ."

प्राध्यापकांनी पक्ष्याच्या पोटाखाली बोट फिरवलं. जखमेचा मागमूस नाही म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. सिव्हर्टनं सांगितलं, हे पक्षी फांदीवर बसून भांडताना मी पाहिलेत. त्याला तापात भास होतात, असं फोल्कर्टनं हळूच सुचवलं.

हिलेगोंट जेवणाच्या टेबलावरून उठली. स्वयंपाकघरात टाकलेल्या माशांच्या आतड्यांतून तिनं ते पाय वेचले, ताटलीत घातले आणि प्राध्यापकांपुढे ठेवले. त्यांनी सुरीच्या टोकानं ते उलटवले.

"कावळ्याचे दिसतात, बाई. थट्टा बरी करता."

फोल्कर्ट हसला. मग सिव्हर्टही हसला. अगदी मान खाली घालून, पण हसला.

आपलं भरलेलं ताट उचलून तिनं अंगणात कोंबड्यांपुढे ओतलं. सिव्हर्ट मागोमाग आला.

"ताई, माझं औषध भावोजींच्याच दुकानातून येतं गं."

ठाऊक आहे, म्हणाली ती. सगळं समजत होतं तिला. तरी त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पुढं प्राध्यापकांच्या ग्रंथात त्या पक्ष्याचं चित्र छापलं, खाली फोल्कर्टचं नाव. लांबलांबून लोक माडी बघायला येऊ लागले. हिलेगोंट त्यांना दार उघडून द्यायची आणि ते खाली उतरेपर्यंत बाहेर जाऊन उभी राहायची.