दोन बादल्यांत गाडी

वरुणराव रोज सकाळी साडेसहाला गाडी धुवायला बाहेर येत आणि साडेसातपर्यंत धूत बसत. खरं तर गाडीवर धुण्याजोगं काही नसे. बायको धनलक्ष्मी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर फारशी निघालीच नव्हती. तरी ते बोअरच्या नळाला पाइप लावत, टपापासून चाकांपर्यंत पाणी मारत, मग पायऱ्या, मग अंगण, शेवटी दारापुढचा रस्ताही धुऊन काढत. तमिळ मुलखातल्या त्या गावात, जुन्या मराठी राजवाड्यामागच्या बोळातून तेवढ्या वेळात देवळाला जाणारे, दूधवाला, शिकवणीच्या मुली असे सगळे जात. "काय मामा, आजपण गाडी?" असं कुणी म्हटलं, की ते पाइप खाली धरून दोन मिनिटं बोलत. दिवसभरातलं बोलणं तेवढंच. मुलगी जननी मेलबर्नला. तिचा फोन रविवारी.

मे महिन्यात समोरच्या विनुताची बोअर आटली. विनुता शाळेत शिकवायची. नवरा सेलमला नोकरीवर, घरात ती आणि तिची सासू, राजम. एका सकाळी विनुता दोन घागरी घेऊन फाटकाशी आली.

"मामा, पिण्यापुरतं पाणी मिळेल? टँकर परवा येतो म्हणतात."

"मिळेल की. त्यात विचारायचं काय?"

हातातला पाइप तसाच खाली टाकून ते घागरी घेऊन स्वयंपाकघरात गेले. भरून आणल्या तोवर पाइपचं पाणी अंगणभर पसरून गटारात चाललं होतं. विनुता नळाशी वाकली होती. तिने तो बंद केला, पदराला हात पुसले. "येते मामा," एवढंच म्हणून घागरी घेऊन गेली.

वरुणरावांचे कान गरम झाले. तिने बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइपखाली बादली ठेवून घड्याळ लावलं. मिनिटभरात बादली भरली. म्हणजे रोजच्या साठ. चौतीस वर्षं वीज खात्यात मीटर तपासलेल्या माणसाला हे आजवर सुचलं कसं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला.

मग ते नव्याने शिकले. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची. एका बादलीत थोडा साबण, दुसरीत साधं पाणी. वरून खाली पुसत यायचं, चाकं शेवटी. गाडी कडुनिंबाखाली मातीवर लावायची, म्हणजे ओघळलेलं पाणी झाडाला मिळतं. पायऱ्यांना झाडू पुरतो. रस्ता आपला नव्हेच. आठवडाभरात हात बसला, आणि सगळं काम साडेसातऐवजी पावणेसातलाच उरकू लागलं. तेही आठवड्यातून एकदाच करावं लागे.

आता सकाळ पुढ्यात पडून राहू लागली. ते कॉफी घेऊन दारातल्या ओट्यावर बसून पाहत. पण नुसत्या बसलेल्या म्हाताऱ्याजवळ कुणी थांबत नसे. लोक मान हलवून पुढे जात. एकदा त्यांनी कोरडी काच तीनदा पुसली. दूधवाला फोनवर बोलत निघून गेला.

विनुता मात्र रोज घागरी घेऊन येई. एका सकाळी ती म्हणाली, "मामा, माझ्यामुळे तुम्ही पाइप बंद केलात का? मला तसं म्हणायचं नव्हतं."

"बरं केलंस. पाणी वाया जात होतं."

"गाडी तर आता आणखीच लखलखते."

"गाडीसाठी कुठे धूत होतो ग," ते बोलून गेले. मग घागरीकडे पाहत म्हणाले, "माणसं थांबायची."

विनुताने घागरी उचलल्या. शाळेची बस चुकेल म्हणून तिला जावं लागलं. संध्याकाळी राजमच्या हातची कोसंबरी, भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, आली; डबा दारात ठेवून शिकवणीची एक मुलगी पळाली.

जूनमध्ये धरणातून पाणी सोडलं, जुलैत विनुताच्या बोअरला पाणी लागलं. ती घागरी घेऊन यायची थांबली. जननीने फोनवर विचारलं, "अप्पा, गाडी चालवतच नाही, तर विकून का टाकत नाही?" ते म्हणाले, "बघू."

त्या गुरुवारी सकाळी त्यांनी फडकी वाळत टाकली, किल्ली घेतली आणि गाडी बाहेर काढली. गल्लीच्या वळणावर घाम फुटला. गावाबाहेर कालव्याच्या काठी त्यांनी ती थांबवली. कालवा काठोकाठ गढूळ वाहत होता, पलीकडे भाताची रोपं लावत होते.

मोपेडवरचा एक म्हातारा शेतकरी थांबला. "कुणाची वाट बघताय?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"नाही. पाणी बघायला आलो."

"बघा, बघा. यंदा वेळेवर आलं." तो मोपेड लावून शेजारी टेकला. दोघं अर्धा तास पाणी, रोपं, गुडघे यांवर बोलले. मग त्याला खत आणायला जायचं होतं.

परतताना अर्ध्या वाटेत वरुणरावांच्या ध्यानात आलं, त्याचं नाव विचारायचं राहिलं. चाकांना चिखल लागला होता. घरी येऊन त्यांनी गाडी कडुनिंबाखाली लावली आणि एक बादली भरायला ठेवली.