अखंड चित्र

मेरिनने दोन्ही संगणक एकाच रडारला जोडले आणि हात मागे घेतला. होबार्टच्या धक्क्याला लागलेल्या संशोधन-जहाजाच्या चालक-कक्षात ती, सहकारी कोल आणि उपकप्तान लोसा अशी तिघंच होती. बर्फातून जाताना सुकाणूसमोर कोणता पडदा असावा, हे लोसा आत्ता ठरवणार होती. उद्या जहाज दक्षिणेला निघायचं होतं.

डावीकडची पद्धत जुनी, कोलची. सगळे प्रोग्रॅम एकाच फळ्यावर थेट चित्र काढत. एकाची चौकट दुसऱ्यावर आली की खालचं पुसलं जाई, आणि ते ज्याचं त्याने पुन्हा काढायचं. उजवीकडची मेरिनची. तिथे प्रत्येकाने आपापल्या कागदावर चित्र पुरं करायचं, आणि एका मधल्या प्रोग्रॅमने ते कागद रचून पडद्यावर मांडायचे. अर्धवट काही दिसायचंच नाही. एवढ्या एका वाक्यासाठी तिने उमेदीची वर्षं घातली होती.

“दोन्हीकडे नकाशा उघड आणि बंद कर,” लोसा मेरिनला म्हणाली.

नकाशा बंद होताच डावीकडे रडारच्या चित्रात नकाशाएवढं पांढरं भगदाड पडलं, ते भरेना. उजवीकडे नदी, धक्का, त्याला लागलेली फेरीबोट, सगळं जसंच्या तसं रेखीव.

“कोल, तुझा पडदा उंदरांनी कुरतडला की काय रे?”

“म्हातारा आहे तो. जरा दम खाऊ दे त्याला.”

“बर्फ खाऊ देईल दम?”

तिघंही हसली. लोसाने उजव्या पडद्यावर टिचकी मारली.

“हाच दक्षिणेला जाईल. कोल, तुझा उतरव.”

कोल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली बसला. मेरिनची नजर सहज समोरच्या काचेबाहेर गेली. फेरीबोट पुलाखालून पार पलीकडे पोचली होती. मेरिनच्या पडद्यावर मात्र ती बोट अजून धक्क्यालाच उभी होती.

म्हणजे रडारचा प्रोग्रॅम दोन्हीकडे गोठला होता. डावीकडे त्याला चित्र पुन्हा काढता आलं नव्हतं, म्हणून भगदाड. उजवीकडे त्याचा शेवटचा कागद मधल्या प्रोग्रॅमने इमानाने समोर धरला होता. पुरावा तिघांनाही दिसला होता. तिघांनीही तो उलटा वाचला होता: भगदाड बिघाड दाखवत होतं, अखंड चित्र तो लपवत होतं.

एक कळ दाबली की प्रोग्रॅम नव्याने सुरू झाला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. मेरिनचं बोट त्या कळीवर टेकलं होतं. खाली पहिला स्क्रू निघाला.

“थांब, कोल.”

“आता काय, विजयाचं भाषण?”

“माझं चित्र बंद पडलंय.”

लोसाने वाकून पडदा निरखला.

“हे? कधीपासून?”

“आपण हसलो त्याच्या आधीपासून.”

लोसाने एकदा काचेबाहेर पाहिलं, मग बराच वेळ त्या भगदाडाकडे. मेरिनने कळीवरचं बोट उचललं. कोलने काढलेला स्क्रू पुन्हा बसवायला घेतला, आणि त्याचा पडदा हलू नये म्हणून मेरिनने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.