झबल्यांखालच्या गोळ्या

लालबागच्या चाळीतल्या त्या एका खोलीच्या खिडकीला सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, जाळी ठोकली, तिन्हीसांजेला धूप घातला, तरी रुपालीला तिसऱ्यांदा हुडहुडी भरलीच. डास बाहेर राहिले होते. मलेरिया तिच्या आतच होता.

महापालिकेच्या आरोग्यसेविका शैलाताईंनी दोन महिन्यांपूर्वी नीट समजावलं होतं. "तापाच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात गं. पण काही यकृतात दडून झोपतात, त्यांच्यासाठी ह्या चौदा दिवसांच्या. बाळाला अंगावर पाजतेस का? ही गोळी दुधातून बाळाला जाते, काही बाळांना सोसत नाही. मग आधी बाळाचं रक्त तपासायला लागेल."

रुपालीने तोंड उघडायच्या आत सुभद्राबाई म्हणाल्या, "नाय ओ, चेडू वरच्या दुधार आसा."

हे त्या सगळ्यांनाच सांगत. सुनेला भरपूर दूध आहे हे बाहेर कळलं की दीठ लागते, दूध आटतं. रुपालीच्या नवऱ्याच्या, दीपकच्या वेळी त्यांचं स्वतःचं आटलं होतं. आता परक्या बाईसमोर सासूला खोटं कसं पाडायचं? रुपालीने गोळ्या घेतल्या आणि पाच महिन्यांच्या अक्षताच्या झबल्यांखाली दडवल्या. रात्री दीपक विचारी, "घेतलीस ना?" ती मान हलवी.

आज शैलाताई पुन्हा दारात. "चौदाही दिवस घेतल्यास? मग परत कसा आला? आता रोज माझ्यासमोर गिळायची."

रुपालीच्या तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"घे गो, एकदाचा जाऊ दे," सुभद्राबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पाळण्यात अक्षता रडली. रुपालीला पान्हा फुटला. गाऊनवर ओला डाग पसरत गेला. तिने ओढणी ओढून घेतली नाही.

"माझंच दूध पिते ती, ताई," ती म्हणाली, आणि झबल्यांखालचा पुडा काढून समोर ठेवला. "एकही घेतली नाही मी."



"दूध आटला तर?" सुभद्राबाई कशाबशा म्हणाल्या.

"आजी, दिवसाला पन्नास घरं फिरते मी. कुणाच्या दुधाकडे बघत बसू?" शैलाताईंनी गोळी परत घेतली. "तापाच्या आजपासून सुरू कर, त्या चालतात. उद्या बाळाला दवाखान्यात आण. रिपोर्ट चांगला आला तर ह्या गोळ्याही आणि दूधही."

"आणि नाही आला तर?"

"तर डॉक्टर सांगतील. पण खरं सांगितलंस तर."

शैलाताई गेल्या. रुपालीने अक्षताला ओढणीखाली घेतलं. सुभद्राबाई मुठीत मीठ-मोहरी घेऊन आल्या. सवयीने बाळाकडे वळल्या, थांबल्या.

"आधी तुझी काढतंय," म्हणाल्या.