आत्याने गर्दी हटवली

नवंकोरं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी माझा मोटारींच्या शर्यतीचा गेम प्रत्येक वळणावर अडखळायचाच. सेकंदाला पन्नास फ्रेम, म्हणजे पन्नास चित्रं, जुन्या कार्डावर मिळायच्या तेवढ्याच! मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होतो.

"सरक," आत्या म्हणाली. ही बाई माझ्या जन्माआधीपासून गेम खेळते.

तिने चित्राचं रिझोल्यूशन अगदी कमी केलं. रस्ता, गाडी, सगळं धूसर झालं. फ्रेम मात्र पन्नासच.

"अगं, आणखी बिघडवतेस कशाला?"

"ओरडू नकोस. कार्डाचं काम एवढं हलकं केलं, तरी वेग वाढला नाही. म्हणजे ते हातावर हात ठेवून बसलंय. तुझा जुना प्रोसेसरच त्याला पुरा पडत नाही. भांडी घासणाराच हळू असेल, तर पुसणाऱ्याने करायचं काय?"

तिने रिझोल्यूशन पार वरपर्यंत नेलं. गाडीच्या काचेवरचा पाण्याचा ओघळसुद्धा दिसायला लागला, आणि फ्रेम तरीही पन्नासच! बसलेल्या कार्डाला तिने फुकटात कामाला जुंपलं होतं.

मग तिने गेममधल्या प्रेक्षकांची गर्दी शून्यावर आणली. "एवढी माणसं हलवताना प्रोसेसरचा जीव जात होता."

फ्रेम नव्वदवर गेल्या. लगेच तिने स्वतःच गाडी पळवली आणि माझा विक्रम पहिल्याच फेरीत मोडला.

स्टेडियम ओस पडलेलं. टाळ्या मलाच वाजवाव्या लागल्या, आणि मी त्या हात दुखेपर्यंत वाजवल्या.